फेरफाराची वही : प्रस्तावना

ज्याच्या नावावर चार एकर तरी जमीन आहे, अशा प्रत्येक वऱ्हाडी माणसाला ‘फेरफार’ हा शब्द लहानपणापासून ठाऊक असतो. वडील वारले, भावाभावांत वाटणी झाली, शेत विकले किंवा घेतले, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात (आमच्याकडील वृद्ध मंडळी त्याला अजूनही पटवारीच म्हणतात) गाव नमुना सहाच्या वहीत त्या बदलाची नोंद होते. तिला अनुक्रमांक पडतो. हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीची मुदत सरू दिली जाते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर नवे नाव चढते. या साऱ्या व्यवहारात मला सर्वांत मोलाची वाटत आलेली गोष्ट अशी की, नवे नाव चढले तरी जुने नाव खरवडून काढले जात नाही. त्याला कंस होतो आणि जवळ फेरफाराचा क्रमांक पडतो. त्या क्रमांकाचे बोट धरून कोणीही जाणता माणूस मागे मागे जात त्या जमिनीचा तीन-तीन पिढ्यांचा वृत्तान्त वाचू शकतो.

जुन्या मोटारसायकलीची निगा आणि तिच्यात करावयाचे बदल हा विषय या पुस्तकात मांडताना, ‘मॉडिफिकेशन’ या गॅरेजांतून सर्रास चालणाऱ्या शब्दाऐवजी मी सर्वत्र ‘फेरफार’ हाच शब्द योजिला आहे. त्यामागे भाषाशुद्धीचा आग्रह नाही. कारबोरेटर, क्लच, टायर, प्लग हे शब्द मी जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण ते आता आमच्या बोलीचेच झाले आहेत. फेरफार हा शब्द मी घेतला तो त्याच्या पाठीशी असलेल्या शिस्तीसाठी. जो बदल लिहून ठेवलेला नाही, ज्याचे कारण चार शब्दांत सांगता येत नाही, आणि गरज पडल्यास जो मागे घेता येत नाही, तो बदल जुन्या यंत्रात करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि एवढ्याशा म्हणण्यासाठी सबंध पुस्तक खर्ची पडले याचे कारण, ते मला स्वतःला पुरते उमगण्यास सात-आठ पावसाळे जावे लागले.

माझी नोकरी पशुधन पर्यवेक्षकाची, आणि तिचा बहुतेक काळ मानोरा तालुक्यातील गावे व तांडे यांच्या वाटांवर गेला. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा निघाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. ज्याने हा मुलूख केवळ अकोला-नांदेड रस्त्यावरून मोटारीच्या खिडकीतून पाहिला असेल त्यास तो सपाट व एकसुरी वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो एक पाणलोट आहे. काटेपूर्णा येथून निघून उत्तरेस पूर्णेकडे, म्हणजे अखेर तापीकडे जाते, तर अडाण आणि अरुणावती पैनगंगेला, म्हणजे गोदावरीच्या परिवाराला जाऊन मिळतात. पाणी ज्या भूमीवरून दोन दिशांना वाहते तेथे चढउतार असणारच. आणि त्या चढउतारांमुळे माथ्यावर मुरूम व सुटा दगड, उतारावर बरड, आणि खोलगट भागात पुरुषभर काळी माती, असा प्रकार दोन-तीन मैलांच्या टप्प्यात भेटतो. सकाळी पोहरादेवीच्या अंगाने निघालेल्या माणसाची गाडी दुपारपर्यंत डांबर, मुरूम, नाल्यातली वाळू आणि पांदणीतला गारा असे चारही स्पर्श अनुभवून येते.

‘गारा’ म्हणजे चिखल, हे वऱ्हाडाबाहेरील वाचकांसाठी सांगितले पाहिजे. परंतु गारा हा नुसता चिखल नव्हे. काळी माती ओल मिळताच फुगते, वाळताच आकसून भेगाळते, आणि या दोन अवस्थांच्या मध्ये ती चिकीसारखी होते. अशा मातीत साधी मोटारसायकल घातली, की टायरने उचललेला गारा पुढच्या मडगार्डाच्या आत साठत जातो, त्यात सोयाबीनचे कुटार व पालापाचोळा मिसळून त्याचा लगदा बनतो, आणि शे-दोनशे पावलांत चाक असे आवळले जाते की इंजिन जोर करीत असताना गाडी जागची हलत नाही. आमच्याकडील शेतकरी मृग लागला की पुढचे मडगार्ड काढून घरात टांगून ठेवतात. ते पुन्हा चढते दसऱ्याच्या आसपास. यंत्रशास्त्राचे एकही पुस्तक न वाचता केलेला हा फेरफार सर्व कसोट्यांस उतरतो, कारण त्याला कारण आहे, आणि चार बोल्टांनिशी तो परत घेता येतो.

दुसरा शब्द चाकोरी. पांदणीतून वर्षानुवर्षे बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जाऊन दोन खोल घळी पडतात, त्या चाकोऱ्या. शहरी मराठीत हा शब्द आता केवळ लाक्षणिक अर्थाने उरला आहे. आमच्याकडे तो आषाढात गुडघाभर पाण्याने भरलेला असतो. मोटारसायकल चाकोरीत उतरली म्हणजे पुढचे चाक दोन भिंतींमध्ये सापडते. नवखा माणूस घाबरून हँडल वळवतो, चाक भिंतीला घासून वर चढू पाहते, आणि गाडी आडवी होते. चाक जेवढे मोठे तेवढे ते अडथळ्याला कमी कोनात भिडते आणि सहज वर येते. इंजिनाचे पोट जमिनीपासून जेवढे उंच तेवढी चाकोरीच्या मधली कंगोरी त्याला लागत नाही. शॉकअपचा प्रवास जेवढा लांब तेवढे चाक जमिनीला धरून राहते. डांबरी रस्त्यावर नोंदणीकृत वाहन म्हणून चालणारी, आणि पांदणीतही उतरू शकणारी, म्हणजेच इंग्रजी नावाने ‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणून ओळखली जाणारी जी गाडी, तिची सगळी लक्षणे या तीन वाक्यांत आली. तिला मी ‘उभयपथी’ असे म्हटले आहे.

जगाच्या बाजारात हा वर्ग रूढ झाला तो यामाहाच्या १९६८ सालच्या डीटी-१ या अडीचशे घन सेंटिमीटरच्या दुटप्पी (टू-स्ट्रोक) इंजिनाच्या गाडीपासून. मागून होंडाची चौटप्पी (फोर-स्ट्रोक) एक्सएल २५० आली, आणि १९८०मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढून मोठ्या इंजिनालाही तीच वाट दाखवली. आपल्याकडे त्या काळी हे नाव नव्हते. काम मात्र होते, आणि ते एस्कॉर्ट्सच्या राजदूतने केले. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून घडविलेली, १७३ घन सेंटिमीटरच्या दुटप्पी इंजिनाची आणि अवघ्या तीन गिअरची राजदूत साठ सालानंतरच्या दशकापासून वऱ्हाडातील दूधवाले, शिक्षक, जनावरांचे व्यापारी आणि ग्रामसेवक यांची गाडी होती. तिच्या नळकांड्यात एक झडपही नव्हती, त्यामुळे टॅपेटचा प्रश्न नव्हता. डोके उतरवून कार्बन खरवडण्याचे काम गावातला मिस्त्री लिंबाखाली पोते अंथरून करीत असे. ज्या सुताराने आदल्या दिवशी बंडीच्या आखाला वंगण दिले त्याच्याच दारात राजदूतच्या चेनला ऑइल मिळे, आणि दोन्ही वाहनांच्या मालकांना वंगण व आयुष्य यांचा संबंध सारखाच कळत असे. या जाणतेपणाला आपल्याकडे विद्येचा मान कधी मिळाला नाही, याची मला खंत आहे. या पुस्तकाचा मोठा भाग मी त्या मिस्त्री मंडळींच्या तोंडून ऐकून टिपलेला आहे.

ज्या गाडीच्या निमित्ताने हे सारे लिहिले ती हिरोची इम्पल्स. होंडापासून वेगळे होऊन नवे नाव धारण केल्यावर त्या कंपनीने २०११च्या अखेरीस ही गाडी बाजारात आणली. तिचा घाट होंडाच्या ब्राझीलमधील एनएक्सआर १५० ब्रॉस या गाडीचा, इंजिन १४९.२ घन सेंटिमीटरचे. वजन १३४ किलो. पुढचे चाक एकोणीस इंची, मागचे सतरा इंची, दोन्ही तारांची. आणि जमिनीपासून उंची २४५ मिलिमीटर, म्हणजे हाताची वीत पालथी घालूनही वर जागा उरेल एवढी. पुढचे मडगार्ड चाकाला चिकटलेले नसून हँडलखाली उंच बांधलेले, त्यामुळे मडगार्ड घरात टांगण्याचे कारण उरत नाही. अशी गाडी आमच्या जिल्ह्यासाठीच कोणी बसून आखली असावी असे मला ती पहिल्यांदा पाहताना वाटले होते. शहरातील गिऱ्हाइकाला मात्र तिच्या उंचीचे प्रयोजन कळले नाही आणि दीडशेच्या इंजिनात त्याला जोर वाटला नाही. पाच-सहा वर्षांत तिचे उत्पादन थांबले. २०१६ साली रॉयल एन्फील्डची ४११ घन सेंटिमीटरची हिमालयन आली, २०१९मध्ये हिरोनेच दोनशेची एक्सपल्स काढली, आणि जी कल्पना अकाली ठरली होती तिला तिचा बाजार मिळाला. इम्पल्स मात्र ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहिली. मी माझी गाडी २०१६मध्ये जुनी घेतली. ती २०१२ची आहे.

उत्पादन थांबलेल्या गाडीच्या मालकास पहिली धास्ती सुट्या भागांची असते. ही धास्ती निम्मी खरी आहे. टाकीच्या बाजूची प्लास्टिकची पाने, उंच मडगार्ड, दिव्याभोवतीचे कवच हे भाग त्या गाडीचेच, ते फुटले तर जुन्या बाजारात वणवण करावी लागते. म्हणून ते फुटण्याआधी जपावेत, आणि चीर पडताच तिच्या टोकाशी बारीक भोक पाडून ती पुढे सरकण्याचे थांबवावे. इंजिनाचे तसे नाही. ते कंपनीच्या दीडशेच्या घराण्यातलेच असल्यामुळे त्याला सोयरे पुष्कळ आहेत. आणि ज्या भागांवर गाडीचे चालणे खरोखर अवलंबून असते त्यांतील कित्येक तर कोणत्याही कंपनीच्या मालकीचेच नाहीत.

बेअरिंगचे उदाहरण घेऊ, कारण या एका गोष्टीने माझी यंत्राकडे पाहण्याची दृष्टी बदलली. चाकातले बेअरिंग काढून, डिझेलमध्ये धुऊन, बाहेरच्या कडीवर बोट फिरवून उजेडात धरले, तर तीवर चार अंक कोरलेले दिसतात : ६२०२, ६३०१, ६३०२ किंवा असेच काही. हे अंक जगभर एकच बोलतात. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचे : ०० म्हणजे दहा मिलिमीटर, ०१ म्हणजे बारा, ०२ म्हणजे पंधरा, ०३ म्हणजे सतरा, आणि ०४पासून पुढे त्या अंकाला पाचाने गुणावे. दुसरा अंक बांध्याचा : ६२०२चे भोक पंधरा आणि बाहेरचा व्यास पस्तीस, तर ६३०२चे भोक तेच पंधरा पण बाहेरचा व्यास बेचाळीस व अंग दोन मिलिमीटरने जाड. हे कळल्यावर मला उमगले, की जे बेअरिंग ‘त्या गाडीचे मिळत नाही’ म्हणून मी तीन आठवडे थांबलो होतो ते आमच्या बाजारपेठेतील मोटरपंपाच्या दुकानात फळीवर ठेवलेले होते. दुकानदाराला गाडीचे नाव सांगितले तर तो मान हलवतो. अंक सांगितला तर डबी काढून देतो. रबरी सील असलेले घ्यावे; आमच्या मातीत उघडे बेअरिंग एक पावसाळाही काढीत नाही.

सीलचे म्हटले म्हणून वॉशिंग सेंटरचेही सांगतो. गारा ओला असताना साध्या पाण्याने व हाताने सुटतो. दोन दिवस वाळू दिला तर तो सिमेंटासारखा धरतो, आणि मग माणूस प्रेशरच्या पाण्याकडे जातो. ते पाणी माती काढते तसे चाकाच्या सीलमधून, चिमट्याच्या बुशमधून आणि हँडलच्या बॉलरेसरमधून ग्रीसही काढते. गाडी चकचकीत होऊन घरी येते आणि महिन्याभरात हँडल मध्यावर अडकू लागते. पांदणीतून आल्यावर, जेवायला बसण्याआधी, दोन बादल्या पाणी आणि एक जुना गोणपाट, हा नियम मी आजवर मोडलेला नाही.

आता एका चुकीची हकीकत, कारण पुस्तकाचे नाव तिच्यातून निघाले. २०२२च्या पावसाळ्यात जनावरांत लम्पी चर्मरोगाची साथ पसरली. लस दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवावी लागते. बर्फाच्या पिशव्या घातलेला तिचा डबा गाडीवर बांधून तांड्या-तांड्यांवर न्यावयाचा होता. मूळचा मागचा आधार अपुरा, म्हणून मी एका वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी पट्ट्यांचा भक्कम कॅरिअर करवून घेतला, आणि तो पक्का राहावा म्हणून गाडीच्या मागच्या चौकटीला सरळ वेल्ड करवला. काम घाईत झाले. बॅटरीची तार काढण्याचे कोणाच्याच ध्यानात आले नाही, आणि त्याचे फळ म्हणून दुसऱ्या सकाळी प्लगला ठिणगी येईना. सीडीआय बदलला, गाडी सुरू झाली, आणि मी ते प्रकरण संपले असे समजलो. मागच्या चौकटीची नळी पातळ असते. वेल्डच्या उष्णतेने तिचे जोडालगतचे अंग ठिसूळ होते. आणि डबा मागच्या आखाच्याही मागे गेलेला असल्याने प्रत्येक खड्ड्यात त्याचे वजन तरफेसारखे नेमक्या त्याच अंगावर पडत होते. एके दिवशी चढावरच्या मुरमात वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला आणि डबा डावीकडे कलला.

खाली उतरून पाहिले तो नळी वेल्डच्या काठाने अशी सरळ तुटली होती, की तुटलेला भाग दाणेदार, करडा, आणि त्यातला अर्धा भाग गंजलेला. म्हणजे चीर काही दिवसांची जुनी होती. रंगाखाली ती रोज थोडी पुढे सरकत होती आणि मी तीवर बसून फिरत होतो. डबा दोरीने सीटवर आवळला आणि गाडी ढकलीत तांडा गाठला. लिंबाखाली बांधलेल्या जनावरांना टोचून होईपर्यंत बर्फ टिकला. परंतु त्या तीन किलोमीटरांत पावलापावलाला एकच गोष्ट मनात येत होती : बदल माझा, कारण योग्य, पण तो करताना परतीची वाट मी स्वतः बुजवली होती. जुन्या नावाला कंस करण्याऐवजी मी ते खरवडून काढले होते.

मग जाणत्या मिस्त्रीकडून तो वेल्ड कापून काढला, नळीच्या आत दुसरी नळी बाहीसारखी सरकवून चौकट पुन्हा सांधली, आणि कॅरिअर नव्याने केला. तो चौकटीला कोठेही वेल्ड केलेला नाही. क्लँप, त्याखाली ट्यूबच्या रबराची पट्टी, आणि चार बोल्ट. ओझे शक्य तितके पुढे, सीटच्या मागच्या कडेस टेकून घेतले. हा कॅरिअर मी आजही दहा मिनिटांत उतरवू शकतो, आणि उतरवल्यावर खाली २०१२ची गाडी जशीच्या तशी निघते. त्याच रात्री शाळेची एक शंभरपानी वही घेऊन तिला मी नमुना सहासारखे रकाने आखले : अनुक्रमांक, दिनांक, किलोमीटर, पूर्वी काय होते, काय केले, कारण, आणि परत घेण्याची तजवीज. या शेवटच्या रकान्यात काही लिहिता आले नाही, तर ते काम मी करीत नाही.

या रकान्यांची कसोटी लावली म्हणजे पुष्कळसा मोह आपोआप गळून पडतो. उदाहरणार्थ, इम्पल्सच्या चौकटीत करिझ्माचे २२३ घन सेंटिमीटरचे इंजिन बसवण्याचा प्रकार हौशी मंडळींत बराच गाजला आहे. त्यातले कौशल्य मी नाकारीत नाही. परंतु मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कडक शब्दांत स्पष्ट केले. कायदा बाजूला ठेवला तरी यंत्राचा हिशेब तोच निघतो. ब्रेक, चेन, चाके आणि चौकट दीडशेच्या जोराला बेतलेली. जोर दीडपट केला की त्या सर्वांचा फेरफार करावा लागतो, आणि मग मूळचे उरते काय? ज्याला चढावर जोर हवा त्याने पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करून पाहावा. चौदाचे तेरा केले तर ते मागच्या बेचाळीस दातांचे पंचेचाळीस केल्यासारखे होते. खेच सुमारे आठ टक्के वाढते. त्याच वेगाला इंजिन तेवढेच अधिक फिरते, हे त्याचे मोल. म्हणून महामार्गावर रोज पन्नास किलोमीटर धावणाऱ्याने हे करू नये, तांड्यावर जाणाऱ्याने करावे. जुने स्प्रॉकेट ऑइल लावून, कागदात गुंडाळून, नोंदीचा क्रमांक टाकून ठेवावे. सगळा फेरफार एका पान्याने मागे घेता येतो.

निगेचा खरा गाभा कारबोरेटरात आहे, आणि त्याचे प्रकरण मी पुस्तकात सर्वांत विस्ताराने लिहिले आहे. येथे एवढेच सांगतो, की आज पंपावर मिळणारे पेट्रोल या गाडीच्या जन्मकाळचे राहिलेले नाही. इथेनॉलचे प्रमाण २०२५पर्यंत वीस टक्क्यांवर आले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, जुन्या रबराला फुगवते किंवा कडक करते, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर कारबोरेटरच्या वाटीत तळाशी पाणी व चिकट साका ठेवून जाते. २०१२च्या गाडीतील पेट्रोलची नळी, वाटीची गोल रबरी कडी आणि नळाचे वायसर बदलणे हा खर्च शे-दोनशे रुपयांचा. तो टाळल्याने गाडी ऐन पेरणीत बंद पडते. गाडी ठेवावयाची असेल तर नळ बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू ढिला करावा व वाटी रिकामी करावी.

आणि तरीही एखाद्या सकाळी ती चोक दिल्याशिवाय उभी राहत नसेल, तर पायलट जेट काढावा. ज्वारीच्या दाण्याएवढे डोके असलेला हा पितळी तुकडा दोन बोटांत धरून आकाशाकडे पाहावे. मोकळा असेल तर त्याच्या मधोमध पहाटेच्या चांदणीसारखा एक ठिपका दिसतो, आणि चोंदलेला असेल तर पितळेमागे काळोख. येथे शंभरातले नव्याण्णव लोक तारेचा तुकडा घेऊन ते भोक कोरतात. तसे करू नये. पितळ मऊ, तार कठीण; भोक केसाच्या अंशाने मोठे झाले की हवा-पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते, आणि हाही न लिहिलेला, मागे न घेता येणारा फेरफारच होय. जेट रात्रभर स्वच्छ पेट्रोलात बुडवून ठेवावा, सकाळी हवेने फुंकावा, अगदीच हट्टी असेल तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस त्यातून सारावा. चांदणी दिसते.

कागदपत्रांचेही एक प्रकरण पुस्तकात आहे, आणि ते कोणी वगळू नये अशी माझी विनंती आहे. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी ती नवी करावी लागते व पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे २०११-१२मध्ये नोंदलेल्या इम्पल्स गाड्यांची मुदत आता भरत आली आहे, आणि एमएच ३७ या आमच्या क्रमांकाच्या कित्येक गाड्यांना परिवहन कार्यालयाच्या आवारात उभे राहावे लागणार आहे. तेथे पहिल्यांदा पाहतात तो चासी नंबर. हँडलखालच्या लोखंडावर ठोकलेले हे अंक चिखलाने व गंजाने भरून जातात. नंतर ते वाचता यावेत म्हणून कोणी पॉलिश पेपर घासतो आणि अंक अधिकच पुसट होतात. त्यावर वर्षातून दोनदा ग्रीसचे बोट फिरवावे आणि एक छाप, कागद ठेवून पेन्सिल घासून, वहीत चिकटवून ठेवावा. ज्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमात, वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीने भूमिदानाचा लेख तांब्यावर कोरवला आणि तो १९३९मध्ये सापडल्यावर वाचता आला, त्या गावच्या माणसांना कोरीव अक्षर जपण्याचे महत्त्व अधिक सांगावयास नको.

हे पुस्तक क्रमाने वाचण्याची आवश्यकता नाही. ज्याची गाडी आज बंद आहे त्याने कारबोरेटर व विद्युत् ही प्रकरणे आधी पाहावीत. पंक्चरचे प्रकरण मात्र सर्वांनी घराबाहेर पडण्यापूर्वी वाचावे, कारण बाभळीचा काटा ट्यूबमध्ये शिरून टायरमध्येच मोडून राहतो, आणि कापडाचा बोळा टायरच्या आतून फिरवून त्याचे टोक शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालणारा माणूस पुढच्या नाल्यापाशी पुन्हा बसतो. मोठ्या प्रवासाविषयी मी लिहिलेले नाही. आमच्या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आहे आणि त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. आमची वाट त्याच्या खालच्या बोगद्यातून आडवी जाते. पावसाळ्यात त्या बोगद्यात थांबून मी अनेकदा चेनला ऑइल दिले आहे : डोक्यावरून मुंबई-नागपूरच्या गाड्या जात असतात, आणि समोर पांदण जेथे काळ्या रानात शिरते तेथे बंडीच्या दोन चाकोऱ्यांत पाणी चमकत असते.

पुस्तकाच्या अखेरीस वीस पाने कोरी, रकाने आखून, सोडली आहेत. माझ्या स्वतःच्या वहीत आजवर एकशे चौदा नोंदी झाल्या. शेवटची नोंद गेल्या आठवड्यातली, चिमट्याच्या बुशची. जुने बुश धुऊन, क्रमांक टाकून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत. वहीच्या पहिल्या पानावर धारकाचा रकाना आहे. त्यात ज्यांच्याकडून मी गाडी घेतली त्यांचे नाव कंसात आहे, आणि खाली माझे. माझी धाकटी मुलगी गेल्या दिवाळीपासून हीच गाडी शेतावर नेते, आणि नोंद एकशे आठपासून पुढची अक्षरे तिची आहेत. माझ्या नावाच्या दोन्ही बाजूंना एकेका बोटाची जागा मी पहिल्यापासून मोकळी सोडलेली आहे.